बेचाळीस पाकिटं

आमच्या कारखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरचा पासवर्ड रोज सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी गेटमधून आत यायचा. वॉचमन त्याला सलाम ठोकायचा आणि मग तो दिवसभर पोर्चच्या सावलीत उभा राहायचा. मालकांच्या गाडीचा नंबर होता तो. कॉम्प्युटर बसवून देणाऱ्या एजन्सीच्या माणसानं 'पासवर्ड काय ठेवू?' असं विचारलं, तेव्हा मालक म्हणे खिडकीतून बाहेर बघत होते. समोर जे दिसलं ते सांगून मोकळे झाले.

ही दोन हजार एक-दोनच्या सुमाराची गोष्ट. अंबडला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा आमचा कारखाना, आणि मी तिथली 'कॉम्प्युटरच्या मॅडम'. वय तेवीस, कॉमर्सची पदवी, वर कॉम्प्युटरचा एक डिप्लोमा, आणि आपल्याला सगळं कळतं असा ठाम समज. सिडकोतल्या घरातून मोपेडवर दहा मिनिटांत पोचायचे आणि तरी रोज उशीर व्हायचा. आमच्या विभागात मी एकटीच होते. म्हणजे विभागप्रमुखही मी आणि विभागात वायरी ओढत टेबलाखाली रांगणारीही मीच.

त्या पासवर्डची गंमत नीट सांगायला हवी. एजन्सीनं एकच कॉम्प्युटर व्यवस्थित तयार केला होता आणि त्याची हुबेहूब नक्कल उरलेल्या एकेचाळिसांत उतरवली होती. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून एक सर्वाधिकारी असतो. त्याच्या नावानं आत शिरलं की त्या कॉम्प्युटरात वाटेल ते करता येतं. आमच्याकडे या सर्वाधिकाऱ्याची किल्ली सगळीकडे एकच होती. ज्याला ती माहीत, तो खुर्चीतून न उठता दुसऱ्याच्या कॉम्प्युटरात घुसू शकायचा. आणि ज्याला ती माहीत नाही असा माणूस शोधून सापडला नसता. कँटीनच्या मावशींनाही ठाऊक होती. त्यांना कॉम्प्युटर चालू करता येत नव्हता, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

मीही काही धुतल्या तांदळासारखी नव्हते. स्टोअरमधले दादा घोटीकडचे, तोंडानं फटकळ पण मनानं साधे. जेवणानंतर कीबोर्डवर हात ठेवून बसल्या बसल्या डुलकी काढण्यात त्यांचा हातखंडा होता. मी माझ्या जागेवरून त्यांच्या पडद्यावर एक चौकट उमटवायचे, इंग्रजी अक्षरांत मराठी: 'उठा, साहेब आले.' सोबत टिंग असा आवाज. पार्टिशनच्या पलीकडून खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं की माझा दिवस सार्थकी लागायचा. दादांना हा कोणाचा खोडसाळपणा असेल असं कधी वाटलंच नाही. ते उलट सगळ्यांना सांगत, "आपला कॉम्प्युटर लय इमानी हाय. साहेब यायच्या आधीच सांगतो. तुमचे नाय सांगत?"

पण खोड्या काढणारी मी एकटीच नव्हते. एकदा कोणीतरी ड्रॉइंग विभागाच्या कॉम्प्युटरात शिरून सगळ्या फायलींना क्रिकेटमधली नावं देऊन ठेवली. शॉपमध्ये, म्हणजे जिथे पार्ट बनतात त्या शेडमध्ये, मशिनं थांबलेली, हवं असलेलं ड्रॉइंग सापडेना. दोन तासांनी ते 'नाइट वॉचमन' या नावाखाली सापडलं. ज्यानं ते केलं त्याच्या कल्पकतेला मी मनातल्या मनात दाद दिली आणि चेहरा गंभीर ठेवला.

साहेब, म्हणजे आमचे वर्क्स मॅनेजर, मनातही हसले नसावेत. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"ज्यांच्यासाठी आपण पार्ट बनवतो त्या कंपनीचा ऑडिटर येतोय, दसरा झाल्यावरच्या सोमवारी. त्यांची ड्रॉइंग आपल्याकडे कोण कोण उघडू शकतं ते बघायला. काय दाखवायचं त्याला? मालकांची गाडी?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरात तो सोमवार शोधला.

"तुझं प्रोबेशन संपत आलंय. ऑडिट नीट पार पडलं तर कायम केल्याचं पत्र देतो. नाही तर हे काम पुन्हा त्या एजन्सीला. महिन्यातून एकदा माणूस येईल, बघून जाईल."

इकडे घरी वेगळाच घोळ होऊन बसला होता. आईनं 'पोरगी पर्मनंट झाली' म्हणून अख्ख्या गल्लीत पेढे वाटून टाकले होते. प्रोबेशन म्हणजे काय हे मी तिला दोनदा समजावलं होतं, तिनं दोनदा 'हो हो' म्हटलं होतं. आता पत्र मिळालं नाही तर लोकांच्या पोटातले पेढे परत कसे मागायचे? मला ती नोकरी हवीच होती. आईच्या पेढ्यांसाठी नाही, माझ्यासाठी. आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्या कामाचा अभिमान वाटत होता, आणि महिन्यातून एकदा येणाऱ्या माणसाच्या हातात ते द्यायला मी तयार नव्हते.

मग मी योजना आखली. प्रत्येक कॉम्प्युटरचा पासवर्ड वेगळा, कोणाला सुचणार नाही असा, आणि तो कोणाच्याही डोक्यात नाही, माझ्यासुद्धा नाही. एका रविवारी दुपारी अक्षरं आणि आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या चहापावडरीच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. आई डबा हलवून एकेक चिठ्ठी काढायची, मी अक्षर उतरवून घ्यायचे, चिठ्ठी परत डब्यात. अशा बारा चिठ्ठ्या झाल्या की एक पासवर्ड.

"ह्याला काही अर्थच लागत नाहीये गं," सहाव्या-सातव्या पासवर्डला आई म्हणाली.

"लागताच कामा नये."

"मग डिप्लोमात दोन वर्षं काय शिकवलं तुला? एवढं तर मी पण काढतेय."

बेचाळीस होईपर्यंत आमचा चहा दोनदा झाला, एकदा भांडण झालं.

पासवर्ड ठेवायचे कुठे, याचं उत्तर मला आधीच सापडलं होतं. टाइम ऑफिसचे काका. हजेरी, गेटपास आणि साऱ्या कारखान्याच्या किल्ल्या त्यांच्या ताब्यात. साठीला आलेले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. कुठल्याही कपाटाची किल्ली मागा, सही केल्याशिवाय देत नसत. मालकांच्या मुलाकडूनही एकदा सही घेतली होती. आम्ही तरुण मंडळी मागे त्यांची टिंगल करायचो. जेवायला जाताना ते ऑफिसला कुलूप लावायचे आणि मग कुलूप ओढून बघायचे, तेही दोनदा. पण किल्ल्या सांभाळाव्यात तर त्यांनीच, हेही आम्हाला माहीत होतं.

मी योजना सांगितली. प्रत्येक पासवर्ड एका चिठ्ठीवर, चिठ्ठी पाकिटात, पाकीट चिकटवून जोडावर सही आणि शिक्का, आणि सगळी पाकिटं तुमच्या लोखंडी कपाटात. काकांनी शांतपणे ऐकलं आणि एका वहीत पट्टीनं रकाने आखायला घेतले. तारीख, वेळ, कोणाचं पाकीट, कारण, सही, सही.

"पाकीट उघडायचं तर दोन सह्या. एक तुझी, एक माझी. मालक आले तरी दोनच," काका म्हणाले. "आणि उघडलेला पासवर्ड काम झालं की बदलायचा. नवी चिठ्ठी, नवं पाकीट."

"काका, दोन-चार तर माझ्याही लक्षात राहतील."

"नको ठेवूस. तुझ्या डोक्याला कुलूप नाही."

हे अगदी खरं होतं, म्हणून मला राग आला. पण सगळे पासवर्ड बसवून झाल्यावर कच्चा कागद मी त्यांच्यादेखत फाडला आणि कँटीनच्या शेगडीत टाकला.

एवढं शहाणपण केलं आणि एका जागी माती खाल्ली. सुरुवातीला मी कॉम्प्युटरांना एक ते बेचाळीस नंबर देणार होते, चिकटपट्ट्यासुद्धा तयार होत्या. पण आमच्याकडे नंबरानं कोणी काही ओळखतच नसे. शॉपमधली लेथ मशिनंसुद्धा चालवणाऱ्याच्या नावानं ओळखली जायची, तो निवृत्त होऊन गावी गेला तरी. मी स्टोअरमध्ये सतरा नंबरची पट्टी लावायला गेले तर दादा म्हणाले, "म्याडम, नंबर तर कैद्याला असतो. ह्याला माझाच म्हना की." सगळे हसले आणि मीही विरघळले. नंबर रद्द केले. पाकिटांवर लिहिलं: 'स्टोअर, दादा'. 'डिस्पॅच, दाराजवळचा'. 'टाइम ऑफिस, काका'. वाचायला घरच्यासारखं वाटत होतं.

मग आली खंडेनवमी. अवजारांच्या पूजेचा हा दिवस आमच्याकडे दिवाळीहून मोठा. पूजेला धुळीचं यंत्र ठेवायचं नाही असा शॉपचा दंडक, आणि त्या वर्षी कोणाच्या तरी डोक्यात आलं की कॉम्प्युटरही यंत्रच. झालं, बेचाळीसच्या बेचाळीस सीपीयू, म्हणजे कॉम्प्युटरचे ते उभे डबे, वायरी सोडवून मागच्या अंगणात कडुनिंबाखाली मांडले गेले. शॉपमधला कंप्रेसर ओढून आणला आणि मशिनवरचा लोखंडाचा कीस उडवायच्या त्या हवेनं एकेकाला आतून झोडपला. वर्षाची धूळ ढगासारखी उठली. मी 'हळू, हळू' म्हणत होते, पण त्या फसफस आवाजात माझं कोण ऐकतंय! सगळे डबे पांढरेशुभ्र झाले. मग हळद-कुंकू, झेंडूचं फूल, आरती, चिवडा, बुंदीचा लाडू.

आरतीनंतर आपापला डबा उचलून जागेवर न्यायचा होता. आता इथे माणसाचा स्वभाव बघा. डबे दिसायला सारखे. कामाच्या फायली त्या क्रिकेटच्या घोळानंतर मी सगळ्या सर्व्हरवर, म्हणजे एका सामाईक कॉम्प्युटरवर, हलवलेल्या, त्यामुळे कुठलाही डबा कुठेही लावा, काम अडत नाही. ही सोय माझीच, आणि मी तिचे गोडवे सगळ्यांना ऐकवून ठेवलेले. मग काय, ज्याचा हळू चालायचा त्यानं जरा चपळ वाटणारा उचलला. ज्याला गाणी ऐकायची त्यानं सीडी चालणारा उचलला. ज्याच्या पुढे ओरखडा होता त्यानं बिनओरखड्याचा.

आणि मी? माझ्या डब्यातला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. दिवसभर कान किटायचे. काकांचा डबा सगळ्यांत नवा होता, चालू आहे की बंद हेही कळू नये इतका गप्प. काका आरतीचं ताट घेऊन शॉपमध्ये फिरत होते. मी विचार केला, ह्यांना दिवसातून दोनदा हजेरी भरायला लागतो, तेवढ्याला एवढा शांत कॉम्प्युटर कशाला? माझा डबा त्यांच्या डब्याच्या जागी सरकवला, झेंडूची फुलं इकडची तिकडं केली आणि त्यांचा डबा उचलून माझ्या टेबलावर नेला. पाकिटांचा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही, हे खरंच सांगते. नंतर मी जे केलं त्याला मात्र ही सबब चालणार नाही.

गुरुवारी डिस्पॅचला नवा प्रिंटर जोडायचा होता, त्याला ॲडमिनिस्ट्रेटर लागणार. मी थाटात टाइम ऑफिसमध्ये गेले, 'डिस्पॅच, दाराजवळचा' काढलं, दोन सह्या झाल्या, पाकीट उघडलं. पासवर्ड घातला. चूक. पुन्हा घातला, एकेक अक्षर बघत. चूक. तिसऱ्यांदा आईला मनातल्या मनात बोल लावत घातला. चूक. डिस्पॅचवाले घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, एक सांगू? हा माझा डबा नाहीच आहे. माझ्याला पुढं ओरखडा होता."

कोणता डबा मुळात कोणाचा, याची यादी माझ्याकडे नव्हती. एजन्सीनं आतून दिलेली नावं होती, पण कुठलं नाव कोणाच्या टेबलावरचं हे मी कधी लिहून ठेवलं नव्हतं. माझी बेचाळीस पाकिटं कपाटात सहीशिक्क्यानिशी सुरक्षित होती, आणि त्यांतलं कुठलं कशाला लागतं हे देवालाच ठाऊक. ऑडिट सोमवारी.

मी काकांकडे गेले आणि म्हटलं, सगळी पाकिटं उघडून जुळवून बघू या का? काकांनी वही पुढे ओढली. "उघडू की. बेचाळीस ओळी, चौऱ्याऐंशी सह्या. कारण काय लिहू?"

कारण! ऑडिटर ती वही वाचणार होता. 'पूजेच्या दिवशी सर्वांनी एकमेकांचे डबे पळवले' असं काकांच्या सुवाच्य अक्षरात त्यानं वाचलं असतं, तर माझं पत्र तिथेच आटोपलं असतं. मी म्हटलं, "राहू द्या काका, मी बघते." काकांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि वही मिटली.

शुक्रवारी मी चौकशी सुरू केली. पोलिसांना खुनी सापडतात, पण आपल्या सहकाऱ्याकडून डबा घेतल्याचं कबूल करून घेणं महाकठीण. प्रत्येकाचा तोच ठरलेला चेहरा. दादांनी तर गळ्याला हात लावला. "देवाची आन म्याडम, मी नाय नेला कोनाचा."

"दादा, तुमचा डबा सीडी वाजवायचा का हो आधी?"

"नाय."

"मग आता गाणी कुठून येतात?"

दादांनी इकडे तिकडे बघितलं. "ते व्हय... ड्रॉइंगवाल्यांचा हाय त्यो. पन वाजतो लय भारी ओ. साहेबांना नका सांगू."

मी साहेबांना सांगणार नाही अशी शपथ घेतली, आणि ती बातमी पसरली तशी रांग लागली. कोणी चहाच्या टपरीवर गाठून सांगितलं, कोणी चिठ्ठी पाठवली, एकानं तर आपण नाही, आपल्या हातून झालं असं सांगितलं. ड्रॉइंगवाल्यांनी पर्चेसचा घेतलेला, पर्चेसनं डिस्पॅचचा, डिस्पॅचनं दादांचा. एकाची चोरी दुसऱ्याला माहीत नाही. मी कागदावर बाण काढत गेले आणि शनिवारी दुपारपर्यंत शॉपच्या ढकलगाडीवरून डबे आपापल्या घरी पोचवले. डिस्पॅचचा पासवर्ड पहिल्या फटक्यात बसला. मी नाचायचीच बाकी होते.

बेचाळीसपैकी चाळीस जागेवर आले. उरले दोन, माझा आणि काकांचा.

सगळ्यांचे कबुलीजबाब मी घेतले होते, माझा घ्यायला कोणी नव्हतं. गुपचूप अदलाबदल करावी तर काकांच्या ऑफिसला कुलूप, आणि कुलूप दोनदा ओढून बघितलेलं. म्हणजे समोर जाऊन सांगायला हवं होतं की काका, तुमचा कॉम्प्युटर मी नेला. ज्या माणसाच्या कडकपणाची मी नक्कल करून दाखवायचे, त्याच्यापुढे हे बोलायचं? मी मनाची समजूत घातली: ऑडिटर बेचाळीसपैकी तीन-चार पाकिटं उघडणार. टाइम ऑफिसचं कशाला उघडेल? तिथे ना ड्रॉइंग, ना काही. सोमवार गेला की मंगळवारी सांगू. शनिवारी संध्याकाळी आईला म्हटलं, सगळं मार्गी लागलंय.

ऑडिटर किडकिडीत, हळू आवाजात बोलणारा माणूस होता. त्यानं वही बघितली, रकाने बघितले, मान डोलावली. आम्ही टाइम ऑफिसात उभे होतो, मी, साहेब आणि काका. त्यानं कपाटातून ड्रॉइंग विभागाचं पाकीट निवडलं. सह्या झाल्या, जाऊन पासवर्ड घातला, उघडला. मग दादांचं पाकीट. तेही उघडलं, आणि दादा असे फुलले की जणू पासवर्ड त्यांनीच पाठ केला होता. साहेब माझ्याकडे बघून चक्क हसले. पत्र मला दिसायला लागलं.

परत टाइम ऑफिसात आल्यावर ऑडिटर म्हणाला, "आता शेवटचं. ही पाकिटं सांभाळतं कोण?"

"मी," काका म्हणाले.

"मग तुमचंच बघू."

काकांनी वहीत वेळ लिहिली, सही केली, पेन माझ्याकडे दिलं. मी सही केली. ऑडिटरनं काकांच्या खुर्चीत बसून पासवर्ड घातला. चूक. परत. चूक. तिसऱ्यांदा त्यानं काकांना वाचायला लावला आणि स्वतः टाइप केला. चूक. टेबलाखाली पंखा घरघरत होता.

ऑडिटरनं रिकामं पाकीट उजेडाकडे धरलं. "हे आधी उघडलं होतं?"

"नाही," काका म्हणाले.

"सही तुमची, शिक्का तुमचा, कपाटाची किल्ली तुमच्याकडे. कॉम्प्युटरही तुमचाच. आणि फक्त ह्याच कॉम्प्युटरचा पासवर्ड बदललेला आहे. मग बदलला कोणी?"

साहेब वळून त्यांच्याकडे बघायला लागले. इतकी वर्षं कपाटाची किल्ली सांभाळणाऱ्या माणसाकडे साहेब त्या नजरेनं बघत होते, आणि काका दोन्ही हात टेबलावर ठेवून गप्प उभे होते. मला वाटत होतं, ते काहीतरी म्हणतील, रागावतील, 'मला काय विचारता, हिला विचारा' म्हणतील. ते म्हणाले असते तर माझं सोपं झालं असतं. मी भिंतीवरच्या किल्ल्यांकडे बघत राहिले. ऑडिटरनं पेनाचं टोपण काढलं आणि कागदावर टेकवलं.

"तो काकांचा नाहीये," मी म्हणाले. "तो माझा आहे. काकांचा माझ्या टेबलावर आहे. पूजेच्या दिवशी मीच नेला."

मग माझ्या टेबलापर्यंत वरात निघाली. तिथे पासवर्ड पहिल्याच वेळी बसला. ऑडिटरनं पाकिटांच्या पद्धतीला बरं म्हटलं, पाकिटांवर माणसाऐवजी यंत्राचा नंबर हवा असं लिहिलं, आणि एक शेरा सिस्टीम विभागाच्या, म्हणजे माझ्या, नावावर टाकला. ऑडिट पार पडलं. साहेब माझ्याशी आठवडाभर कामापुरतंच बोलले आणि पत्र तीन महिने लांबवलं. आईला मी सांगितलं की पत्र टाइप व्हायला वेळ लागतोय.

पण त्या दिवशी दुपारी, ऑडिटर गेल्यावर, मी काकांचा डबा स्वतः उचलून टाइम ऑफिसात नेला. काका हजेरीची कार्डं लावत होते. मी म्हटलं, "काका, माझं चुकलं."

"ठेव तिथं."

मी ठेवला. "तुम्हाला संशय नाही आला?"

"संशय कसला? दसरा झाल्यावर चालू केला तेव्हाच कळलं. हा ओरडतो. माझा गप्प होता."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "मग तुम्ही तिथं बोललात का नाही? सगळं तुमच्यावर आलं होतं."

"तू बोलतेस का ते बघत होतो."

"आणि मी नसते बोलले तर?"

काकांनी हातातलं कार्ड जागेवर लावलं. "तर लिहून दिलं असतं, की चूक माझ्या हातून झाली. माझे दोन महिने राहिलेत. माझं काय बिघडणार होतं? तुझी सगळी नोकरी पडलीय पुढं."

मी वायरी जोडायला म्हणून टेबलाखाली शिरले आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले. रडत होते, आणि ते त्यांना दिसू नये एवढीच धडपड होती. ऑडिटर विचारत होता तेव्हा मी किल्ल्यांकडे बघत एकच विचार करत होते, की यातून मी सुटेन कशी. माझ्या शेजारी उभा असलेला हा माणूस तोच विचार करत होता, माझ्याचसाठी.